लहान तोंडी मोठी नळी

एकाच मापाच्या दोन तांब्याच्या नळ्या एकमेकींत शिरत नाहीत. हा भूमितीचा नियम असून गोंदिया जिल्ह्यालाही तो लागू आहे. म्हणून एका नळीचे तोंड किंचित मोठे करतात, दुसरीचे टोक त्यात सरकवतात आणि सांधा झाळून टाकतात. एसी-फ्रीजच्या धंद्यात याला स्वेज मारणे म्हणतात. तेच तोंड नरसाळ्याच्या आकारात पंचेचाळीस अंशांत पसरवून त्यावर पितळी नट आवळायचा असेल, तर ते फ्लेअर मारणे. पहिला सांधा कायमचा असतो. दुसरा खोलता येतो आणि बहुधा खोलावा लागतो.

सांध्याची वेळ येते ती घराच्या रचनेमुळे. एसीबरोबर येणारी नळी बहुतेक वेळा तीन मीटरची असते. घर मात्र कंपनीला विचारून बांधलेले नसते. आतले यंत्र बेडरूमच्या भिंतीवर बसते. बाहेरचे कुठे बसवायचे हे घरातील ज्येष्ठ, वास्तुशास्त्र आणि शेजाऱ्याची खिडकी यांच्या संमतीने ठरते, आणि अशी संमती सहसा गच्चीच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यावर होते. तीन मीटरची नळी जिन्याच्या वळणापाशी संपते. तिथून पुढे हा विषय सुरू होतो.

तांबे या मुलखाला नवे नाही. १८७० साली गोंदियाच्या उत्तरेला, बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावी गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीत काहीतरी लागले. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. त्यांत चपट्या कुऱ्हाडी होत्या, लांब पट्ट्या होत्या. नळी एकही नव्हती. म्हणजे त्या काळी उन्हाळा झाडाखालीच निभत असावा. त्याच बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपर लिमिटेडची तांब्याची मोठी खाण आहे. दुसऱ्या बाजूला भंडारा, ज्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तो पितळी भांड्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेला. एका अंगाला खाण, दुसऱ्या अंगाला ठोकणारे हात, आणि मधल्या गोंदियात नळी येते ती वेटोळे घालून, खोक्यात बसून, दुकानातून.

ही नळी मऊ असते, कारण कारखान्यातच तिला तापवून नरम केलेले असते. मऊ तांबे वाकते, ताणले जाते, पसरते. पण प्रत्येक वेळी थोडे कडक होत जाते. तेच तोंड दोनदा-तीनदा पसरवले की काठाला केसाएवढी चीर पडते. पुन्हा मऊ करायचे तर लाल होईपर्यंत तापवावे लागते. भांडी घडवणाऱ्या तांबटाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ठोके देता देता तो भांडे मधूनच भट्टीत घालतो, ते हातोडीचा आवाज बदलला म्हणून. आवाजाची ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

मापे सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती नळी ६.३५ मिलिमीटरची, तीन सुती ९.५२, चार सुती १२.७ आणि पाच सुती १५.८८. शाळेत दशमान पद्धत शिकलेला मुलगा दुकानात जाऊन बारा पूर्णांक सात दशांश मिलिमीटरची नळी मागू लागला, तर दुकानदार त्याला सरकारी माणूस समजून आधी चहा मागवतो. तोंड मोठे करणाऱ्या यंत्राच्या डोक्यांवरही हीच मापे कोरलेली असतात, कधी इंचांत, कधी मिलिमीटरमध्ये. बारा मिलिमीटरचे डोके चार सुतीला चालेल असे वाटते. ते चालत नाही, कारण नळीला अदमास कळत नाही.

तोंड मोठे करण्याचे सर्वांत जुने साधन हातोडी. दोन पट्ट्यांच्या ब्लॉकमध्ये नळी आवळायची, तोंडात पोलादी पंच धरायचा आणि ठोकायचे. नेमका लागलेला घाव नळीवर बसे, चुकलेला अंगठ्यावर, आणि धंद्यात किती वर्षे झाली हे अंगठ्याच्या नखावरून सांगता येई. मग लिव्हर आला: दोन दांडे दाबले की पुढचे जबडे उघडतात. त्यात अंगठा वाचला, मनगट दुखू लागले. त्यानंतर ड्रिल मशीनमध्ये बसवायची फिरकी आली. ही पोलादाची, कडांवर फुगीर असलेली फिरकी नळीच्या तोंडात वेगाने फिरते. घासून तांबे तापते, मऊ होते आणि पसरते. स्वस्त आणि झटपट असल्यामुळे हिचा प्रसार फार आहे, आणि जखमाही हिच्याच नावावर जास्त जमा होत असाव्यात.

शेवटची पायरी म्हणजे खास या कामासाठी केलेली बॅटरीवाली मशीन. बिनतारी ड्रिल अमेरिकेत १९६१ सालीच बाजारात आले होते, पण तेव्हाच्या बॅटऱ्यांत दम कमी आणि वजन जास्त. लिथियमची बॅटरी आल्यावर हे चित्र पालटले. मशीनच्या पुढे पाकळ्यांचे डोके असते. घोडा दाबला की आतला पोलादी सुळका पुढे सरकतो, पाकळ्या सारख्या अंतराने उघडतात आणि नळीचे तोंड दोन-तीन सेकंदांत मोठे होते. घोडा सोडला की पाकळ्या मिटतात. वायर नाही, आणि गच्चीवर हे महत्त्वाचे आहे. जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, परंतु गच्चीवर प्लग नसतो. बॅटरी येण्यापूर्वी एक्स्टेंशन बोर्ड स्वयंपाकघरातून, खिडकीच्या गजांतून, वाळत घातलेल्या कुरडयांच्या बाजूने वर चढवावा लागे, आणि मिक्सर लावण्यासाठी खालून कोणीतरी तो नेमका फ्लेअरच्या मध्यावर उपटत असे.

या मशीनचा गुण आणि दोष एकच आहे: तिला जोर लागत नाही. हाताच्या लिव्हरला नेहमीपेक्षा जास्त जोर लागला की माणूस थांबे. नळी वाकडी बसली आहे का, तांबे कडक आहे का, डोके दुसऱ्या मापाचे आहे का, असा विचार करी. हातोडीचा आवाज बदले. मशीन मात्र बरोबर नळी आणि चुकीची नळी सारख्याच आवाजात, सारख्याच सेकंदांत पसरवते, आणि मध्ये बोट आले तर त्यालाही वेगळी वागणूक देत नाही. त्यामुळे पूर्वी काम करता करता सुचणारा सगळा शहाणपणा आता घोड्यावर बोट जाण्याआधी उरकावा लागतो.

तो उरकण्याचा क्रम ठरलेला आहे. जुनी नळी असेल तर आधी तिच्यातला गॅस काढून सिलिंडरमध्ये घ्यावा, किंवा पंप-डाउन करून बाहेरच्या यंत्रात कोंडावा. 'गॅस नाहीच आहे आत' हे घरमालकाचे म्हणणे पुरावा म्हणून धरू नये. थंडावा नसणे आणि गॅस नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दाबाखालचा गॅस कापलेल्या नळीतून सुटला तर त्वचा गोठवतो. नव्या एसींत असलेला आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे, आणि काही नव्या फ्रीजमध्ये तर आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन असतो, घरच्या सिलिंडरच्या भावकीतला. साध्या कार्बन-ब्रशच्या मोटरीत फिरताना ठिणग्या पडतात. बिनतारी आहे म्हणजे बिनठिणगीचे आहे, असा समज करून घेऊ नये. जागा मोकळी असावी, वारा खेळता असावा, आणि बिडी जिन्याखाली विझवून यावे. बिडीचा उल्लेख केवळ उदाहरणादाखल नाही. तेंदूपत्त्याचा जिल्हा आहे.

नळी कटरने कापावी, करवतीने नाही. करवतीने तोंड तिरके होते, आणि तिरके तोंड मशीनमध्ये सरळ बसत नाही. कटरच्या चाकाने आतल्या कडेला काठ वळतो. तो रीमरने काढावा. काढताना नळीचे तोंड जमिनीकडे धरावे, म्हणजे कीस बाहेर पडतो. तोंड वर ठेवून काठ काढणारेही पुष्कळ आहेत. त्यांचा कीस आत जातो आणि पुढच्या हंगामात कॉम्प्रेसरमध्ये भेटतो.

यानंतर नट. फ्लेअर मारण्याआधी नट नळीत ओवायचा असतो, कारण पसरलेल्या तोंडावरून तो जात नाही. हे वाक्य पाठ्यपुस्तकात ठळक छापले जाते, शिक्षक तीनदा सांगतात, परीक्षेत येते. तरीही जगातल्या कुठल्याही गच्चीवर सुंदर, गुळगुळीत, एकसारखा फ्लेअर मारून झाल्यावर तो उन्हाकडे धरून कौतुकाने पाहिला जातो आणि त्याच क्षणी कठड्यावर ठेवलेला नट नजरेस पडतो. मग फ्लेअर कापायचा. नळी बोटभर आखूड होते. हातोडीच्या काळात या चुकीला दहा मिनिटांची शिक्षा होती म्हणून ती महिन्यातून एकदा होई. मशीनने शिक्षा दहा सेकंदांवर आणली आणि गुन्हा रोजचा झाला. नट सहसा हरवत नाही, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. काळे फोमचे आवरणही याच वेळी चढवून मागे सरकवून ठेवावे.

आता हात. बॅटरीच्या मशीनवर काम करताना चष्मा हवा, आणि तो डोळ्यांवर हवा. कपाळावर चढवलेला चष्मा कपाळाचे रक्षण करतो. पातळ, अंगासरसे हातमोजे चालतात, कारण कापलेल्या नळीची कड पात्यासारखी लागते. ड्रिलमधली फिरकी वापरताना मात्र उलट: फिरत्या यंत्राजवळ सैल हातमोजा, गमछ्याचे टोक, गळ्यातला ताईत यांपैकी काहीही नसावे. फिरकीला या तिन्हींत आणि तांब्यात फरक कळत नाही.

फिरकीच्या कामात नळी हाताने धरू नये. ती ब्लॉकमध्ये किंवा शिकंज्यात आवळावी, ड्रिलला बाजूची मूठ लावावी आणि दोन्ही हातांनी धरावे. प्रत्यक्षात मिस्त्री ड्रिल धरतो आणि नळी टुऱ्याला धरायला सांगतो. टुरा म्हणजे आठ-पंधरा दिवसांपूर्वी कामावर लागलेला, सगळ्याला हो म्हणणारा मदतनीस.

'घट्ट धर बे.'

'धरलो भाऊ.'

'सोडू नोको.'

फिरकी तोंडात शिरते, अडकते, आणि ड्रिलच्या अंगातला सगळा पीळ नळीत उतरतो. नळी टुऱ्याच्या मुठीत गरकन फिरते. शिवाय ती आता तापलेली असते. टुरा सोडतो, आणि हे त्याने त्या दिवशी केलेले सर्वांत शहाणपणाचे काम असते. मिस्त्री यावर जे बोलतो ते झाडीबोलीच्या शब्दसंग्राहकांच्या कामाचे असले, तरी या लेखाच्या कक्षेबाहेर आहे.

बॅटरीच्या मशीनमध्ये हा पीळ नाही. तिथे धोका पाकळ्यांचा. डोके बदलताना बॅटरी काढावी. घोडा आपोआप दबत नाही हे खरे, पण मशीन मांडीवर आडवी ठेवून डोके पिळताना तो मांडीनेच दाबला जातो. डोके शेवटच्या आट्यापर्यंत बसवावे. अर्धे बसलेले डोके वाकडे उघडते आणि पाकळी तुटून उडू शकते. सुळक्याला अधूनमधून ग्रीस लावावे, बोटाने नव्हे, काडीने. नळी पाकळ्यांवर पूर्ण आत, टेकेपर्यंत घालावी, बोटे तोंडापासून वीतभर मागे ठेवावीत आणि मग घोडा दाबावा. पहिल्या दाबानंतर पाकळ्यांमधल्या फटींच्या रेघा तांब्यावर उमटतात. मशीन थोडी फिरवून दुसरा हलका दाब दिला की त्या जातात. तिसरा दाब देण्याचे काहीच कारण नसते, आणि तो जवळजवळ नेहमी दिला जातो. मशीनचा आवाज ऐकायला बरा वाटतो, त्याला कोण काय करणार.

उभे कुठे राहावे हाही सुरक्षेचाच भाग आहे. गोंदियातल्या कित्येक गच्च्यांना कठडा गुडघ्याइतका असतो, कारण वरचा मजला 'पुढच्या वर्षी' चढायचा असतो आणि खांबांच्या सळ्या त्याची वाट पाहत आभाळाकडे बघत असतात. शिडीवर उभे राहून मशीन वापरायची झाल्यास एक हात शिडीला आणि एक हात मशीनला असे वाटप होते, आणि नळीसाठी हात उरत नाही. म्हणून शक्य तेवढे तोंड खाली, सपाट जागी मोठे करावे आणि वर फक्त जोडावे.

बॅटरीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिचा आणि या जिल्ह्याचा स्वभाव जुळत नाही. एसी बसवण्याची निकड लागते ती मे महिन्यात, नवतपाच्या सुमारास. त्याआधी कूलरमध्ये वाळ्याच्या नव्या ताट्या घालून, पंप दोनदा दुरुस्त करून माणसाने धीर धरलेला असतो. मग एका दुपारी, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, कुटुंबाचा धीर एकदम सुटतो आणि मिस्त्रीला फोन जातो. लिथियमच्या बहुतेक बॅटऱ्या चार्ज करण्याची वरची मर्यादा चाळीस ते पंचेचाळीस अंश सेल्सिअस असते. गच्चीच्या सिमेंटवर ठेवलेली बॅटरी त्याच्या बरीच वर जाते. चार्जर तिला घेत नाही. लाल दिवा लुकलुकत राहतो.

'काहून जी, काम बंद काहून पडलं?' घरमालक जिन्यातून विचारतो.

'बॅटरी तापली जी. थंडी होऊ द्या लागते.'

'मंग एसीत ठेवा ना.'

'तोच तं लावून राहिलो.'

यावर प्रचलित उपाय म्हणजे बॅटरी घरमालकाच्या फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवणे. तो करू नये. बाहेर काढल्यावर गार बॅटरीवर बाहेरच्या हवेतली वाफ दवासारखी जमते आणि पाणी तिच्या टोकांवर उतरते. ओल्या फडक्यात गुंडाळणे हा त्याचाच स्वस्त प्रकार. बॅटरी सावलीत, पंख्याखाली अर्धा तास पडू द्यावी. तेवढ्यात मिस्त्रीही पडून घेतो, आणि दोघांनाही त्याची गरज असते. सुटी बॅटरी अवजारांच्या पिशवीत मोकळी टाकू नये. तिथे तांब्याचे तुकडे, स्क्रू आणि नट असतात. त्यांतला एखादा बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटला की पिशवी पेट घेऊ शकते. फुगलेली, भेगाळलेली किंवा दुसऱ्या मजल्यावरून एकदा पडून आलेली बॅटरी 'चालते अजून' म्हणून चालवू नये.

झालेले तोंड तपासण्याला यंत्र लागत नाही. स्वेजची खोली नळीच्या व्यासाएवढी असावी: चार सुतीसाठी सुमारे साडेबारा मिलिमीटर. दुसरी नळी हाताने सरकावी, पण डगडगू नये. मधली फट इतकी बारीक असावी की झाळण्याचा वितळलेला रॉड तिच्यात आपोआप ओढला जाईल. फार सैल तोंडात रॉड ओतत राहावा लागतो, आणि तरी आत काय झाले ते देवाला ठाऊक. काठावर चीर दिसली तर रॉडने ती बुजवण्याचा मोह होतो. तेवढा भाग कापून टाकणे स्वस्त पडते. फ्लेअरचा काठ सगळीकडे सारखा रुंद हवा, नटाच्या आत बसणारा पण नटाच्या भिंतीला न घासणारा. नट आवळण्याला टॉर्क पाना आहे: दोन सुतीला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर, चार सुतीला ५० ते ६०. तो नसेल तर दात-ओठ खाऊन आवळतात, आणि इतक्या निगुतीने पसरवलेले तोंड नटाखाली चेपून पातळ होते.

झाळताना नळीतून मंद नायट्रोजन सोडावा, नाहीतर आत काळी खपली धरते आणि पुढे गाळणीत अडकते. जुन्या आर-२२ चे अवशेष आत असताना ज्योत लावली तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात तो खंदकांवर सोडला गेला होता, आणि जिन्याची खोली खंदकापेक्षा लहान असते. गळती तपासायलाही नायट्रोजनच भरावा. झाळण्यासाठी आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी असतो आणि नायट्रोजनचा दुकानात असतो, म्हणून कोणी ऑक्सिजनने दाब भरू पाहिला तर त्याला अडवावे. कॉम्प्रेसरच्या तेलाला दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होतो. त्यानंतर गळती शोधावी लागत नाही. नायट्रोजनचा दाब टिकला, साबणाच्या फेसाला बुडबुडा आला नाही, व्हॅक्यूम ओढून झाला, की गॅस सोडायचा.

राहता राहिला उरलेला तांब्याचा तुकडा. हातभरापेक्षा लांब असेल तर तो घरमालकाचा, बोटभर असेल तर मिस्त्रीच्या पिशवीतला, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. वाद होतो तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या तुकड्यावर, कारण भंगारवाला तांबे किलोवर घेतो आणि भाव दोघांनाही माहीत असतो. घरमालकाने तो ठेवून घेतलाच, तर दोन्ही तोंडे टेपने बंद करून ठेवावीत. उघड्या नळीत पावसाळ्यात ओल शिरते, आणि उन्हाळ्यात कुंभारीण माशी मातीचे घर करते.